पाऊस नाही, पण पाणी आहे: लोन पाईन गावाचं हवामान, इतिहास आणि आसपास

अलास्का आणि हवाई सोडले, तर अमेरिकेतलं सर्वांत उंच शिखर माउंट व्हिटनी, १४,५०५ फूट. उत्तर अमेरिका खंडातली सर्वांत खोलगट जागा डेथ व्हॅलीतलं बॅडवॉटर, समुद्रसपाटीच्या २८२ फूट खाली. या दोन टोकांमध्ये सरळ रेषेत मोजलं तर जेमतेम १३५ किलोमीटर अंतर आहे. त्याच पट्ट्यात, व्हिटनीच्या पायथ्याला, लोन पाईन नावाचं गाव आहे. वस्ती सुमारे दोन हजार. मधून जाणारा हायवे ३९५ हाच गावचा मुख्य रस्ता. त्याच्या दोन्ही अंगांना मोटेलं, पेट्रोल पंप, खाण्याच्या जागा आणि गिर्यारोहणाचं सामान विकणारी दुकानं.

लॉस एंजेलिसहून इथे यायला साडेतीन-चार तास लागतात. डिसेंबरच्या सुट्टीत डेथ व्हॅली पाहायला निघालेली दक्षिण कॅलिफोर्नियातली मराठी मंडळी इथे गाडीत पेट्रोल भरतात, कॉफी घेतात आणि पुढे जातात. त्यांनी इथे दोन दिवस तरी थांबावं असं मला मनापासून वाटतं. देखावे सुंदर आहेतच, पण कारण तेवढंच नाही. कुठल्याही गावाचा इतिहास त्याच्या हवामानाशी कुठे ना कुठे जोडलेला असतो. लोन पाईनमध्ये तो इतका थेट जोडलेला आहे, की आभाळ आणि डोंगर समजले की लढाई, खाण, आटलेलं सरोवर आणि युद्धकाळातली बंदिछावणी हे सगळं एकाच सूत्रात दिसू लागतं. ते सूत्र असं: इथे पाऊस पडत नाही, पण पाणी आहे.

पर्वत अडवतो आणि पर्वतच देतो

गावाच्या पश्चिमेला सिएरा नेवाडा पर्वत उभा आहे. गाव साधारण ३,७०० फुटांवर आहे आणि तिथून वीसेक किलोमीटरच्या आत जमीन साडेचौदा हजार फुटांपर्यंत चढते. मध्ये पायऱ्या पायऱ्यांनी चढणाऱ्या डोंगररांगा नाहीत, एकदम कडाच. पूर्वेला इन्यो पर्वताची दुसरी रांग आहे. दोन्हींच्या मधल्या लांबट, अरुंद खोऱ्याचं नाव ओवेन्स व्हॅली.

कॅलिफोर्नियात पाऊस येतो तो हिवाळ्यात. साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात प्रशांत महासागरावरून पश्चिमेचे वारे बाष्प घेऊन येतात. सिएरा आडवा आला की त्या हवेला वर चढावं लागतं. वर हवेचा दाब कमी असतो, म्हणून चढणारी हवा प्रसरण पावते आणि प्रसरण पावताना थंड होते. थंड हवेत बाष्प मावत नाही. ते ढग होऊन पश्चिमेच्या उतारावर आणि माथ्यावर पाऊस आणि बर्फ होऊन पडतं. माथा ओलांडलेली हवा जवळजवळ रिकामी असते. ती पूर्वेकडे खाली घसरते तेव्हा उलट क्रिया होते: दाब वाढतो, हवा आकसते आणि तापते. कोरडी हवा हजार मीटर खाली उतरली की सुमारे दहा अंशांनी गरम होते. माथ्यावरून खोऱ्यात येईपर्यंत ती तीन हजार मीटर उतरलेली असते. अशा तापलेल्या हवेतून ढग बनणं दूरच, असलेले ढगही विरतात. गावात उभं राहून हिवाळी वादळाकडे पाहिलं तर माथ्यावर करड्या ढगांची रांग थबकलेली असते आणि डोक्यावर निळं आभाळ असतं.

आपण हेच सह्याद्रीत पाहतो. महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, आणि पूर्वेला थोड्याच अंतरावर माण-खटावात कुळीथ-मटकी तरेल की नाही याची चिंता. भूगोलाच्या पुस्तकात शिकलेली पर्जन्यछाया ती हीच. सिएराची उंची सह्याद्रीच्या तिप्पट, म्हणून छायाही तितकीच गडद. लोन पाईनला वर्षभरात मिळून साधारण दीडशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस होतो. पुण्यात जुलैतल्या एखाद्या जोरदार आठवड्यात एवढा पडून जातो. पूर्वेला इन्यो आणि पॅनामिंट अशा आणखी दोन रांगा ओलांडल्या की डेथ व्हॅली येते. तिथे तर वर्षाला जेमतेम पन्नास मिलिमीटर. जगातलं सर्वाधिक नोंदलेलं तापमान, ५६.७ अंश सेल्सियस, तिथल्याच फर्नेस क्रीकचं. तारीख १० जुलै १९१३.

सह्याद्रीपेक्षा इथे एक मोठा फरक आहे, आणि या गावाच्या दृष्टीने सगळं त्या फरकातच आहे. सह्याद्रीत पडलेला पाऊस लगेच वाहून जातो. सिएराच्या माथ्यावर जे पडतं ते बर्फ असतं, आणि ते महिनोन् महिने तिथेच साठून राहतं. एप्रिलपासून ऊन तापू लागलं की ते हळूहळू वितळतं आणि पूर्वेच्या कड्यावरून अनेक ओढ्यांनी खोऱ्यात उतरतं. म्हणजे जेव्हा खोरं सर्वांत तापलेलं आणि कोरडं असतं, नेमक्या त्याच मे-जून-जुलै महिन्यांत ओढे दुथडी भरून वाहतात. आभाळ वाळवंटाचं आणि ओढे हिमाचे, असा हा प्रदेश आहे.

रोजच्या हवामानात कोरडेपणाचे आणखी परिणाम दिसतात. बाष्प कमी असल्यामुळे दिवसाची उष्णता रात्री धरून ठेवायला हवेत काही नसतं. जुलैच्या दुपारी पारा पस्तिशीच्या वर जातो आणि पहाटे अंगावर काहीतरी घ्यावंसं वाटतं. जानेवारीच्या रात्री तापमान शून्याखाली जातं. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात दक्षिणेकडून, मेक्सिकोच्या बाजूने, थोडं बाष्प वर येतं आणि दुपारी डोंगरावर गडगडाटी पाऊस होतो. हा पाऊस थोडा वेळ टिकतो, पण कोरड्या दऱ्यांमधून दगडगोटे घेऊन येणारा लोंढा रस्ते तोडू शकतो. ज्या एकट्या पाईन वृक्षावरून गावाला नाव मिळालं, तोही ओढ्याच्या पुरातच गेला.

वाऱ्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. माथ्यावरून वेगाने उतरलेली हवा खोऱ्यात आपटून पुन्हा वर उसळते आणि पुढे लाटा तयार होतात. लाटेच्या माथ्यावर गुळगुळीत कडांचे, भिंगाच्या आकाराचे ढग बनतात. वारा त्यांच्यातून सुसाट जात असला तरी ढग मात्र तासन्‌तास एका जागी उभे दिसतात. १९५१-५२च्या सुमारास शास्त्रज्ञांनी आणि वैमानिकांनी याच खोऱ्यात इंजिन नसलेली ग्लायडर विमानं या लाटांवर चढवून त्यांचा अभ्यास केला. १९५२ मध्ये दोघा जणांनी अशा विमानातून ४४,००० फुटांच्या वर मजल मारली. आज प्रवासी विमानं पर्वतांच्या पलीकडच्या अदृश्य खळबळीपासून जपून जातात, त्यामागच्या ज्ञानाचा मोठा भाग या खोऱ्यातून आलेला आहे.

पाटाचं पाणी आणि पहिली लढाई

ओढ्यांच्या पाण्यावर पहिलं जगणं उभं केलं ते पायूट लोकांनी. गोरे वसाहतवाले इथे येण्याच्या कितीतरी आधीपासून ते खोऱ्याच्या उत्तर भागात, आजच्या बिशपजवळ, ओढ्यांना बांध घालून आणि पाट खोदून पाणी फिरवत होते. त्या पाण्यावर ते कंद आणि बियांची रानटी पिकं वाढवत. जमीन नांगरलेली नव्हती, म्हणून ती ओसाड आहे असं बाहेरून आलेल्यांना वाटलं.

१८६१ मध्ये पशुपालक आपली गुरं घेऊन खोऱ्यात शिरले. त्याच हिवाळ्यात कॅलिफोर्नियाच्या ज्ञात इतिहासातला सर्वांत भयंकर पावसाळी हंगाम झाला आणि डोंगरातली शिकार दुर्मीळ झाली. पायूटांची कंदांची आणि बियांची जमीन गुरांनी चरून टाकली होती. उपाशी लोकांनी गुरं मारली, पशुपालकांनी माणसं मारली, आणि पाहता पाहता युद्ध पेटलं. ४ जुलै १८६२ रोजी लष्कराने खोऱ्यात तळ ठोकला. पुढच्या वर्षी जुलैमध्ये जवळपास हजारभर पायूटांना भर उन्हाळ्यात सैनिकांच्या पहाऱ्यात दक्षिणेला फोर्ट तेहोनपर्यंत चालवत नेलं. वाटेत कित्येक जण मेले, कित्येक निसटले आणि पुढच्या काळात अनेक कुटुंबं परतली. त्यांचे वंशज आजही लोन पाईनच्या दक्षिण टोकाला असलेल्या राखीव वस्तीत राहतात. या खोऱ्यात हाकलल्या गेलेल्या लोकांची ही पहिली फेरी होती.

त्यानंतर चांदी आली. इन्यो पर्वतात ८,००० फुटांच्या वर सेरो गोर्दो इथे १८६५ मध्ये चांदी आणि शिशाचे साठे सापडले. डोंगरावरच भट्ट्या लागल्या. धातूच्या लाद्या खेचरांच्या गाड्यांनी लॉस एंजेलिसला जाऊ लागल्या. त्या काळी लॉस एंजेलिस जेमतेम सहा हजार वस्तीचं होतं, आणि या चांदीच्या वाहतुकीने त्याच्या बाजारपेठेला जोर आणला. वाटेत ओवेन्स सरोवर होतं. पर्वताचं सगळं पाणी ओवेन्स नदीतून शेवटी इथेच येई, कारण या खोऱ्याला समुद्राकडे जायला वाटच नाही. सरोवर इतकं मोठं होतं की १८७२ मध्ये त्यात ‘बेसी ब्रॅडी’ नावाची आगबोट चांदी वाहायला उतरवली गेली. आज त्या जागी उभं राहिल्यावर हे कुणी सांगितलं तर पटत नाही.

२६ मार्च १८७२

त्याच वर्षी मार्चच्या २६ तारखेला पहाटे अडीचच्या सुमारास कॅलिफोर्नियाच्या इतिहासातल्या सर्वांत मोठ्या भूकंपांपैकी एक झाला. केंद्र लोन पाईनजवळ. त्या वेळी भूकंपमापक नव्हते, पण जमिनीवरच्या खुणांवरून त्याची तीव्रता साडेसातच्या आसपास किंवा त्याहून थोडी जास्त धरतात. गावातल्या ५९ घरांपैकी ५२ पडली, २७ माणसं गेली. लाकूड दुर्मीळ आणि पाऊस नाही, म्हणून घरं उन्हात वाळवलेल्या मातीच्या विटांची होती. कोरड्या हवेला अशी घरं उत्तम, हादऱ्याला मात्र अजिबात टिकत नाहीत. लांब योसेमिटीत असलेल्या निसर्गप्रेमी जॉन म्यूर यांनाही या धक्क्याने जाग आली.

भूकंप का झाला याचं उत्तर गावासमोरच उभं आहे. पश्चिम अमेरिकेचा हा भाग पूर्व-पश्चिम ताणला जातो आहे. ताणामुळे कवचाला समांतर भेगा पडतात. भेगांच्या एका बाजूचा ठोकळा उचलला जातो, तो सिएरा. मधला ठोकळा खचतो, ती ओवेन्स व्हॅली. म्हणून कडा इतका सरळ आहे. खोऱ्याच्या तळाशी नद्यांनी आणलेला गाळ शेकडो मीटर जाडीचा आहे, म्हणजे खडकाचा खरा तळ दिसतो त्याहून कितीतरी खोल आहे. १८७२ मध्ये भेगेच्या दोन बाजू खाली-वर तर झाल्याच, शिवाय आडव्याही कित्येक मीटर सरकल्या. गावाच्या पश्चिमेला त्या भेगेचा उंचवटा अजून दिसतो. दक्षिणेला जमीन खचून जो खळगा झाला, त्यात पाणी साचून डियाझ तलाव बनला. उन्हाळ्यात लोक तिथे बोटी घेऊन येतात. उत्तरेच्या वेशीबाहेर भूकंपात गेलेल्यांपैकी काहींची सामायिक कबर आहे. हायवेवरून ती पटकन दिसत नाही, मुद्दाम थांबावं लागतं.

शहराची तहान

आता या गावाच्या इतिहासातला सर्वांत कडू भाग. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लॉस एंजेलिसची वस्ती लाखावर गेली होती आणि शहराची स्वतःची नदी पुरत नव्हती. शहराचे माजी महापौर फ्रेड ईटन यांना ओवेन्स व्हॅलीचं पाणी दिसलं आणि पाणीपुरवठ्याचे प्रमुख अभियंते विल्यम मलहॉलंड यांनी ते आणायचा मार्ग आखला. १९०५च्या सुमारास ईटन खोऱ्यात जमिनी आणि पाण्याचे हक्क विकत घेऊ लागले. केंद्र सरकार इथे सिंचन योजना करणार आहे, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. त्या योजनेचा अभ्यास करणारे सरकारी अधिकारी जोसेफ लिपिनकॉट त्याच वेळी शहराकडून सल्लागार म्हणून पैसे घेत होते. सिंचन योजना गुंडाळली गेली आणि पाणी शहराकडे गेलं.

अभियांत्रिकी म्हणून हे काम थक्क करणारं आहे, आणि ते मोकळेपणाने म्हणायलाच हवं. १९०८ ते १९१३ या पाच वर्षांत २३३ मैलांचा, म्हणजे सुमारे ३७५ किलोमीटरचा जलमार्ग बांधून झाला. त्यात एकही पंप नाही. खोरं शहरापेक्षा उंच आहे, एवढ्याच जोरावर पाणी कालव्यांतून, बोगद्यांतून आणि दऱ्या ओलांडणाऱ्या लोखंडी नळांतून आपोआप वाहत जातं. ५ नोव्हेंबर १९१३ रोजी दरवाजे उघडले, तेव्हा जमलेल्या हजारोंना मलहॉलंड यांनी एवढंच म्हटलं, की हे आलं, घ्या.

सुरुवातीला खोऱ्यातली शेती चालू राहिली. १९२०च्या दशकात दुष्काळ पडला, शहर फुगत गेलं आणि खरेदीचा जोर वाढला. शहराचे दलाल एका ओढ्यावरच्या काही शेतकऱ्यांकडून जमीन घेत आणि उरलेल्यांचा पाट आपोआप निकामी होई. मे १९२४ मध्ये लोन पाईनच्या उत्तरेला कुणीतरी जलमार्ग सुरुंगाने उडवला. त्याच वर्षी १६ नोव्हेंबरला सुमारे ७० स्थानिकांनी अलाबामा गेट्स या ठिकाणी जाऊन सांडव्याचे दरवाजे उघडले आणि शहराचं पाणी चार दिवस पुन्हा ओवेन्स नदीत सोडून दिलं. बायका-मुलं जेवणाचे डबे घेऊन आली, शेकडोंची जत्राच जमली. त्यानंतर तीन वर्षं सुरुंग आणि वाटाघाटी चालू राहिल्या. १९२७ मध्ये खोऱ्यातली बँक बुडाली. ती चालवणारे वॉटरसन बंधूच आंदोलनाचे पुढारी होते आणि त्यांना अफरातफरीबद्दल शिक्षा झाली. लोकांची बचत बुडाली आणि लढाही संपला. आज या परगण्यातली सुमारे अडीच लाख एकर जमीन लॉस एंजेलिस शहराच्या मालकीची आहे. लोन पाईनसारखी गावं आडवी पसरलेली नाहीत याचं कारणही तेच: घर बांधायला विकत मिळेल अशी जमीनच फारशी नाही.

ओवेन्स सरोवर जलमार्ग सुरू झाल्यावर दहा-बारा वर्षांत आटलं. उरला तो क्षारांचा आणि बारीक मातीचा शंभर चौरस मैलांचा तळ. खोऱ्यातला वारा कसा असतो ते वर सांगितलंच आहे. तो या तळावरून वाहू लागला की आर्सेनिकसारखी विषारी द्रव्यं असलेली पांढरी धूळ लोन पाईनपर्यंत आणि त्याच्याही पलीकडे जाई. एकेकाळी श्वासात जाणाऱ्या सूक्ष्म धुळीचा हा अमेरिकेतला सर्वांत मोठा एकमेव स्रोत होता. स्थानिक हवा-प्रदूषण मंडळाने चिकाटीने कायद्याची लढाई दिली, तेव्हा २००१ पासून शहराला तळावर उथळ पाणी सोडणं, खडी पसरणं, क्षारात तगणारं गवत लावणं असे उपाय करावे लागले. त्यावर आतापर्यंत दोन अब्ज डॉलरांहून जास्त खर्च झाला आहे. डिसेंबर २००६ मध्ये कोरड्या पडलेल्या ओवेन्स नदीच्या ६२ मैलांच्या पात्रातही पुन्हा थोडं पाणी सोडण्यात आलं.

लॉस एंजेलिसमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांना एक सांगावंसं वाटतं. आपल्या स्वयंपाकघरातल्या नळाला येणाऱ्या पाण्यात या खोऱ्याचा वाटा आहे. हिमवर्षाव चांगला झाला त्या वर्षी जास्त, नाही झाला त्या वर्षी कमी. सुट्टीत जो प्रदेश रुक्ष म्हणून आपण गाडीच्या काचेतून मागे टाकतो, त्याच्या रुक्षपणात आपल्या घराचाही हिस्सा आहे.

मांझानार

लोन पाईनच्या उत्तरेला पंधरा किलोमीटरवर हायवेच्या कडेला लाकडी टेहळणी मनोरा दिसतो. इथे कधीकाळी पायूट राहत. १९१० पासून इथे सफरचंद आणि नासपतीच्या बागांचं मांझानार नावाचं गाव वसलं. शहराने जमिनी घेतल्या आणि १९२९पर्यंत तेही उठलं. झाडं तेवढी मागे राहिली.

७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी आदेश क्रमांक ९०६६ काढला आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या एक लाखाहून अधिक लोकांना घरंदारं सोडून छावण्यांत जावं लागलं. त्यातले दोन तृतीयांश जन्माने अमेरिकी नागरिक होते. कुणावरही आरोप नव्हता, कुणाचाही खटला चालला नाही. अशा दहा छावण्यांपैकी एक मांझानारला उभी राहिली. जागा लॉस एंजेलिस शहराची होती. शहराच्या पाणी खात्याने विरोध केला तो मुख्यतः जलमार्गाचं पाणी दूषित होईल या भीतीने.

काटेरी तारांच्या आत डांबरी कागद मारलेल्या फळ्यांच्या बराकी, ३६ गट, आठ मनोरे. सर्वांत जास्त संख्या झाली ती १०,०४६. उन्हाळ्यात बराकी तापत, हिवाळ्यात गारठत, आणि वारा सुटला की फळ्यांच्या फटींतून धूळ अंथरुणात येई. ६ डिसेंबर १९४२ रोजी जमावावर सैनिकांनी गोळीबार केला आणि दोन तरुण मेले. तरीही या लोकांनी जुन्या बागांची छाटणी करून झाडं पुन्हा फळती केली, शेपर्ड ओढ्याच्या पाण्यावर भाजीपाला पिकवला, बराकींच्या मध्ये दगड मांडून तळी आणि बगीचे केले. छायाचित्रकार तोयो मियाताके यांनी लपवून आणलेल्या भिंगाभोवती लाकडी खोकं बनवून कॅमेरा तयार केला आणि आतलं जीवन टिपलं. २१ नोव्हेंबर १९४५ रोजी छावणी बंद झाली. १९८८ मध्ये अमेरिकी सरकारने कायदा करून माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर दिले. १९९२ पासून हे राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे.

इथे किमान अर्धा दिवस द्या. जुन्या सभागृहात संग्रहालय आहे, बाहेर उकरून काढलेले बगीचे आहेत आणि पश्चिम टोकाला दफनभूमीत १९४३ मध्ये बंदिवानांनीच उभारलेला पांढरा स्तंभ आहे. मुलांना बरोबर न्यावं. त्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्यावी लागतील, आणि द्यावीत.

आसपास काय पाहाल

गावातून पश्चिमेला व्हिटनी पोर्टल रस्ता लागला की दहा मिनिटांत अलाबामा हिल्स येतात. तपकिरी-नारिंगी, गोलसर, एकमेकांवर रचलेले प्रचंड दगड, आणि मागे सिएराची करडी टोकदार सुळक्यांची रांग. दोन्ही दगड ग्रॅनाईट वर्गातलेच आहेत. माथ्यावर पाणी फटींत गोठून, फुगून दगड फोडतं, म्हणून तिथे धारदार कडा. खाली टेकड्यांचा दगड पूर्वी ओलसर मातीखाली गाडलेला असताना कोपऱ्यांकडून कुजत गेला आणि माती वाहून गेल्यावर गोल होऊन उघडा पडला. अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात दक्षिणेच्या बाजूच्या खाणवाल्यांनी आपल्या ‘अलाबामा’ या युद्धनौकेवरून टेकड्यांना हे नाव दिलं. १८६४ मध्ये उत्तरेच्या ‘किअरसार्ज’ने ती नौका बुडवली, तेव्हा शेजारच्या इंडिपेंडन्स गावच्या उत्तरवाल्यांनी लगेच किअरसार्ज हे नाव आपल्या खाणीला देऊन टाकलं. जवळची खिंड आणि शिखरही आज त्याच नावाचं आहे.

१९२० पासून इथे शेकडो चित्रपटांचं चित्रीकरण झालं. बहुतेक घोडेस्वारांचे, पण १९३९ साली आलेल्या एका गाजलेल्या चित्रपटात याच टेकड्या ब्रिटिश हिंदुस्थानची वायव्य सरहद्द म्हणून दाखवल्या होत्या. गावात त्या परंपरेचं छान संग्रहालय आहे. टेकड्यांत पहाटे जा. पूर्वेकडून सूर्य आला की आधी शिखरं गुलाबी होतात आणि मग प्रकाश खाली उतरतो.

एक सूचना: गावातून सर्वांत उंच वाटतं ते व्हिटनी नव्हे, लोन पाईन पीक. ते जवळ आहे म्हणून मोठं दिसतं. व्हिटनी त्याच्या उजवीकडे, मागे, दातेरी सुळक्यांच्या रांगेत आहे. भूगर्भशास्त्रज्ञ क्लॅरेन्स किंगसुद्धा १८७१ मध्ये चुकून दुसऱ्याच शिखरावर चढले होते. खऱ्या माथ्यावर पहिल्यांदा पोचले ते १८ ऑगस्ट १८७३ रोजी, याच भागात मासेमारीला आलेले तिघे स्थानिक. १८८१ मध्ये सॅम्युएल लँग्ली यांनी सूर्याची उष्णता मोजायला हाच डोंगर निवडला. एक ठाणं खाली गावात, दुसरं वर. इथली हवा कोरडी आणि स्वच्छ, त्यामुळे हवेचा थर किती उष्णता अडवतो हे दोन नोंदींच्या फरकातून काढता येत होतं.

व्हिटनीची वाट पोर्टलपासून जाऊन-येऊन ३५ किलोमीटर आणि सहा हजार फुटांहून जास्त चढाची आहे. परवाने मर्यादित असतात आणि वर्षाच्या सुरुवातीला सोडतीने मिळतात. परवाना नसला तरी ८,३०० फुटांवरच्या पोर्टलपर्यंत गाडीने जाऊन धबधबा पाहता येतो. हिवाळ्यात हा रस्ता बंद असतो.

वेळ असेल तर उत्तरेला बिग पाईनवरून व्हाइट माउंटनवर जा. तिथे ब्रिसलकोन पाईनची झाडं आहेत, त्यातलं एक ४,८०० वर्षांहून जुनं. थंडी, खराब माती आणि कोरडेपणा यांमुळे ती इतकी सावकाश वाढतात की लाकूड घट्ट आणि राळेने भरलेलं होतं आणि कीड लागत नाही. त्यांच्या खोडातल्या वर्तुळांवरून शास्त्रज्ञ हजारो वर्षांचे ओले-कोरडे हंगाम वाचतात. सर्वांत जुनं झाड नेमकं कोणतं हे वनखातं सांगत नाही, आणि ते योग्यच आहे. पूर्वेला हायवे १३६ने ओवेन्स सरोवराच्या कडेकडेने गेलं तर धूळ रोखण्यासाठी सोडलेल्या उथळ पाण्यावर एप्रिलमध्ये आणि शरद ऋतूत स्थलांतरी पक्ष्यांचे थवे दिसतात. दुर्बीण जवळ ठेवा.

यायला एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर सर्वांत चांगला. ओढे भरून पाहायचे असतील तर जून. हवामान बदलामुळे सिएरात बर्फाऐवजी पावसाचं प्रमाण वाढेल आणि बर्फ लवकर वितळेल असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे, म्हणजे ओढ्यांचा हंगाम अलीकडे सरकेल. चढउतारही मोठे असतात. २०२३च्या हिवाळ्यात विक्रमी बर्फ पडलं आणि मार्चमधल्या लोंढ्याने ओलांचाजवळ जलमार्गालाच भगदाड पाडलं. त्याच ऑगस्टमध्ये हिलरी वादळाने डेथ व्हॅलीत एका दिवसात वर्षभराचा पाऊस पाडला आणि बॅडवॉटरच्या मिठागरावर कित्येक महिने तलाव उभा राहिला.

परवाने, नकाशे आणि रस्त्यांची ताजी माहिती गावाच्या दक्षिणेला, हायवे ३९५ आणि १३६च्या तिठ्यावरच्या अभ्यागत केंद्रात मिळते. डेथ व्हॅलीला निघणार असाल तर टाकी लोन पाईनलाच भरा. पुढे पंप मोजके आहेत आणि दर बरेच चढे. उन्हाळ्यात माणशी चार लिटर पाणी गाडीत असू द्या, आणि उंचावर जाणार असाल तर आदली रात्र पोर्टल किंवा हॉर्सशू मेडोच्या उंचीवर काढा. समुद्रसपाटीवरून थेट चौदा हजार फुटांना भिडणाऱ्यांचं डोकं तिथे हमखास दुखतं.